प्रतीक्षायादीत पहिली

इंटर्नशिपच्या वर्षात मी आणि माझी मैत्रीण सांगलीच्या विश्रामबागेत एका खोलीत राहत होतो. वसतिगृह सुटलं होतं, पण तिथली हाका मारायची पद्धत आमच्याबरोबर आली होती. तिथे मुलींना गावाच्या नावानं ओळखायचे. ती वाईची, म्हणून ती ‘वाई’. मी कुंडलची, म्हणून मी ‘कुंडल’. पाच वर्षं आम्ही एकमेकींना अशाच हाका मारल्या, म्हणून इथेही मी तिला वाईच म्हणते.

त्या मे महिन्यात आम्ही दोघी दक्षिणेतल्या एका संस्थेत मुलाखत देऊन आलो. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी त्यांनी एक अभ्यासक्रम काढला होता. अर्धा दिवस रुग्ण बघायचे, अर्धा दिवस प्रयोगशाळेत काम करायचं, आणि पाच-सहा वर्षांनी संशोधनाची पदवी घेऊन बाहेर पडायचं. डॉक्टर असं काही करू शकतो, हेच तोवर आमच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या वर्गात डॉक्टर म्हणजे दवाखाना, त्यापुढे एमडी, आणि त्यानंतर मोठा दवाखाना.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं त्याला कारण जत तालुक्यातला एक मेंढपाळ. इंटर्नशिपमध्ये तीन महिने मी तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. हा माणूस चाळिशीचा, अंगापिंडानं मजबूत, पण दर संध्याकाळी त्याला ताप यायचा. घाम फुटायचा, कंबर धरायची. चार-आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. हिवतापाच्या गोळ्यांचे तीन कोर्स त्याच्या पोटात गेले होते, आणि रक्तात हिवताप एकदाही सापडला नव्हता. मी त्याचं रक्त बर्फ घातलेल्या थर्मासमधून एसटीनं आणलं आणि आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना दिलं. त्यांनी तपासून सांगितलं, हा मेंढ्यांकडून माणसाला होणारा ताप आहे, ब्रुसेला. औषध वेगळं, आणि ते सहा आठवडे चालवायचं. त्यानं ते घेतलं आणि तो बरा झाला.

मॅडमनी मला नंतर एवढंच विचारलं, “तिकडे असे किती असतील?”

मला सांगता येईना. कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण कुणी मोजलेच नव्हते. हे शोधायचं कसं, हे शिकावंसं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. महिन्याभरानं मॅडमनीच त्या अभ्यासक्रमाची जाहिरात कापून माझ्या हातात ठेवली.

मी पत्र घालून दोन फॉर्म मागवले. एखादा लिहिताना खराब झाला तर दुसरा असावा म्हणून. पहिला खराब झाला नाही. दुसरा टेबलावर पडून होता, तो वाईनं उचलला.

“भरू का गं मी हा?”

“भर की,” मी म्हणाले.

खरंच मनापासून म्हणाले. एकटीनं दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करण्यापेक्षा सोबत बरी, एवढाच माझा विचार होता. वाई हुशार होती हे मला माहीत होतं. ती माझ्याहून हुशार होती, हेही माहीत होतं. पण तिला यातलं काही हवं असेल असं वाटलं नव्हतं.

मुलाखतीनंतर तिथल्या कारकुनानं सांगितलं की निकाल पत्रानं येईल, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. आम्ही मिरजेला उतरलो त्या दिवसापासून वाट बघणं सुरू झालं.

पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येई. आमची खोली वरच्या मजल्यावर, खाली मालकीणबाई राहत. त्या एकट्याच होत्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. टपाल त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर पडायचं. मी पहिल्या आठवड्यात ड्यूटीवरून काही ना काही निमित्त काढून त्या वेळेला खोलीवर यायची. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की असं केलं तर रोज सकाळी साडेअकरापर्यंत मी कामाची नसते, आणि साडेअकरानंतर तर अजिबातच नसते. म्हणून मी उलट केलं. मी दुसऱ्यांच्या सकाळच्या ड्यूट्या मागून घेतल्या. ड्रेसिंग, सलाइन, लहान मुलांच्या शिरा शोधणं, जे पडेल ते. शीर शोधताना दुसरा विचार करता येत नाही, हा मोठा फायदा होता.

वाईचं वेगळं होतं. ती झोपायची. ड्यूटी संपवून आली की पांघरूण डोक्यावर घ्यायची आणि चार-चार तास झोपायची. उठली की मावशींच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची. निकालाचं नाव काढत नसे. मी काढलं तर म्हणे, “कुंडल, तो विषय नको. भात घालू का?”

बाकीच्या इंटर्न मंडळींना आमचं नवल वाटायचं. एकानं वॉर्डात वाईकडे बोट करून सगळ्यांसमोर मला सांगितलं, “तुझं काय, तुमच्या लोकांचं होऊनच जातं. काळजी हिनं करायची.” त्या अभ्यासक्रमाला सगळ्यांची एकच यादी होती, राखीव अशी जागाच नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. पाच वर्षं मी असलं ऐकत होते, आणि प्रत्येकाला समजावत बसायचं नाही हे पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. मात्र त्या दिवशी ते जरा जास्त लागलं. आधीच मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून असेल.

आबा, म्हणजे माझे वडील, गावाजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. घरी फोन नव्हता. दर रविवारी ते सायकलनं स्टँडवरच्या एसटीडी बूथवर यायचे आणि मावशींच्या फोनवर मला बोलवायचे.

“आलं का गं?”

“न्हाई आबा.”

“यील की. टपालाला येळ लागतोय. जेवतीस का येळंवर?”

“व्हय.”

“मग ठेवू?”

एवढंच बोलणं. त्यांना त्या अभ्यासक्रमाचं नाव कधी नीट सांगता आलं नाही. गावात ते सांगायचे, “पोरगी डाक्टर झालीया, आता डाक्टरला बी ठावं न्हाई ते शोधायला जायाची हाय.” मला ती व्याख्या जाहिरातीतल्या व्याख्येपेक्षा चांगली वाटायची. फक्त त्यांनी ती इतक्या लवकर सांगायला नको होती.

जूनचा दुसरा आठवडा गेला, तिसरा लागला. एका दुपारी मला सुट्टी होती आणि पोस्टमन फाटकाशी भेटले. वयस्कर, शांत माणूस. मी विचारलं, “आमचं काही?”

“आज न्हाई, मॅडम.”

“दक्षिणेकडून एक पत्र यायचंय. बहुतेक रजिस्टर असेल.”

ते थांबले. “आवं, ते दिलं की मागल्या आठवड्यात. तुमच्या खोलीतल्या मॅडमनीच सही केली.”

मी जिना चढून वर गेले. वाई कांदा चिरत होती. मी दारातच उभी राहिले आणि विचारलं, “तुझं पत्र आलंय?”

तिनं सुरी खाली ठेवली. हात पुसले. शस्त्रक्रियेच्या जाड पुस्तकातून लिफाफा काढून माझ्या हातात दिला. तिची निवड झाली होती. लिफाफ्यावर पोस्टाच्या शिक्क्यात तारीख होती. पत्र खोलीत येऊन नऊ दिवस झाले होते.

“तुझं आलं की एकदम सांगणार होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, एक-दोन दिवसांचा फरक असेल. मग तीन झाले, चार झाले. मग कसं सांगायचं तेच कळेना.”

“नऊ दिवस तू माझ्याशेजारी बसून भात खाल्लास.”

“हो.”

“मी रोज पोस्टमनचं विचारायचे तुला.”

“हो, कुंडल. मला माहीत आहे.”

मी खूप बोलले. तिनं मला फसवलं, मैत्री अशी असते का, वगैरे. सगळा राग नऊ दिवसांचाच आहे असं मी तेव्हा स्वतःलाही पटवलं. खरं तर त्यातला बराचसा त्या फॉर्मचा होता. मी मागवलेला, मी पैसे भरलेला, मी ‘भर की’ म्हटलेला तो दुसरा फॉर्म. पण हे तोंडावाटे काढायची लाज वाटली.  तिनं कांदा परतला, पोहे केले, आणि आम्ही दोघींनी ते न बोलता खाल्ले.

तीन दिवसांनी माझं पत्र आलं. साध्या टपालानं. रजिस्टर नाही हे बघूनच मी समजले. मी प्रतीक्षायादीत होते. क्रमांक एक. निवड झालेल्यांपैकी कुणी जुलैच्या मध्यापर्यंत हजर झालं नाही तर मला कळवण्यात येईल, असं त्यात होतं.

रविवारी आबांना सांगितलं.

“पैला नंबर?” आबांचा आवाज चढला. “मग झालंच की!”

“न्हाई आबा. कुणीतरी जायचं न्हाई म्हणालं, तरच माझं.”

आबांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, “असं कोण म्हणंल, पोरी? एवढी मिळाल्याली जागा कोण सोडंल?”

“ठेवते आबा,” मी म्हणाले. पण उत्तर मला ठाऊक होतं. जागा सोडण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेली एक व्यक्ती त्या वेळी वरच्या खोलीत झोपलेली होती.

वाईच्या घरून विरोध होता. तिचे वडील वाईला घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान चालवत आणि यजमानांकडे पूजाही सांगत. मुलीला डॉक्टर केलं ते त्यांनी हौसेनं केलं होतं. आता वाईत दवाखाना घालावा, चांगलं स्थळ बघावं, एवढंच त्यांना दिसत होतं. सहा वर्षं इतक्या लांब, तेही उंदरांवर प्रयोग करायला, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. वाई स्वतः काय ते ठरवत नव्हती. तिनं संस्थेला होकार कळवला नव्हता आणि नकारही.

मग माझं वाट बघणं बदललं. आधी मी टपालाची वाट बघत होते. आता मी एका माणसाकडे बघत होते. वाईला घरून पत्र आलं की तिचा चेहरा मी निरखायची. तो उतरला की माझ्या आत काहीतरी हलकं व्हायचं. हे मला कळायचं, आणि कळूनही ते थांबायचं नाही. जेवताना तिला जास्त वाढणं, तिची साडी इस्त्री करून ठेवणं, असलं काहीबाही मी करू लागले. तिला वाटलं असेल, राग गेला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिचे वडील अचानक आले. वाई ड्यूटीवर होती आणि संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. मी तसं सांगितलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “मी तुझ्याशीच बोलायला आलोय.”

ते खुर्चीत बसले. याआधी दोन-तीनदा ते आले होते, तेव्हा “पाणीसुद्धा नको, आत्ताच घेतलं” म्हणून उठून गेले होते. त्या दिवशी मी चहा ठेवला आणि त्यांनी तो घेतला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी कप बराच वेळ हातात धरून ठेवला.

“ती तुझं ऐकते,” ते म्हणाले. “आमचं ऐकून घेते, पण ऐकत नाही. तू तिला समजावून सांग. तिची आई सारखी आजारी असते. एकुलती एक मुलगी आहे. इथे राहून काय कमी आहे? हे सहा वर्षांचं काय ते, तुम्ही मुली उत्साहात ठरवता. तू तिला सांगितलंस तर ती थांबेल.”

त्यांना माझ्या क्रमांकाबद्दल काहीच माहीत नव्हतं. वाईनं घरी सांगितलं नव्हतं. मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं की काका, हे काम मला सांगू नका, ती थांबली तर जागा मला मिळते. शब्द तयारही होते.

“बघते बोलून,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून मान हलवली, जणू ओझं उतरलं. पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला आणि चारची गाडी गाठायला निघून गेले.

मी वाईला काही समजावलं नाही. आणि तिचे वडील येऊन गेले हेही सांगितलं नाही. पेढे मी हॉस्पिटलात वाटून टाकले. तीन दिवस असे गेले. तिला नऊ दिवसांवरून बोलणारी मी, आता माझे तीन झाले होते. मी काही केलेलं नाही, काही बोललेली नाही, म्हणजे माझ्याकडून काही चूक नाही, असा हिशेब मी मनात मांडत होते.

चौथ्या दिवशी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. वाई एकदम म्हणाली, “कुंडल, खरं सांग. मी जाऊ की नको?”

मी हातातला परकर पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं.

“मला विचारू नकोस,” मी म्हणाले.

“मग कुणाला विचारू?”

“कुणालाही. मला नको. तुझे बाबा आले होते, मंगळवारी. मी तुला थांबवावं म्हणून सांगायला. आणि मी बघते म्हणाले.”

तिनं हातातली साडी बादलीत परत ठेवली.

“मी बघते म्हणाले, वाई. त्यांना सांगितलं नाही की तू थांबलीस तर मी जाणार आहे. आणि तुला तीन दिवस सांगितलं नाही. म्हणून मला विचारू नकोस. मी जे काही सांगेन त्यावर तू विश्वास ठेवू नये, आणि मीही ठेवू नये.”

तिनं दोरीवरचे दोन चिमटे काढले आणि पुन्हा लावले. “तू पुढची आहेस हे मला रोज आठवतं,” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं, तर ते कुणासाठी म्हटलं हे मला आयुष्यभर कळणार नाही. आईसाठी, की बाबांसाठी, की तुझ्यासाठी. आणि मी तुला ते कधी ना कधी बोलून दाखवीन. मला माहीत आहे मी कशी आहे.”

“म्हणून जाते म्हणतेस?”

“म्हणून घरी जाते म्हणते. समोर बसून काय ते ठरवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाईला गेली. चार दिवसांची रजा टाकून.

ते चार दिवस मला एकटीनं खोलीत काढवले नसते. पण मॅडम त्याच आठवड्यात जतकडे जाणार होत्या. मेंढपाळांच्या वस्त्यांवर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे होते, आणि त्यांना हात हवा होता. मी लगेच तयार झाले. आम्ही जीपनं गेलो. तो बरा झालेला मेंढपाळ आमच्याबरोबर वस्त्या दाखवत फिरला. आधी त्यानं स्वतःची बाही वर करून दाखवली, मगच बाकीचे तयार झाले.

“ह्या बाईनंच मला उठीवला,” तो सगळ्यांना सांगायचा. “लय वंगाळ ताप व्हता. आला की कळायचं, गेला का राहिला त्ये कळायचं न्हाई.”

त्याच्या बायकोनं मला विचारलं, “तुमी हितंच ऱ्हाणार का आता?”

“माहीत नाही अजून,” मी म्हणाले.

“कवा कळंल?”

“आठ-दहा दिवसांत.”

“मग आठ-दहा दिस हाईसा की,” ती म्हणाली. “माझ्या दिराला बी दावायचं हाय. उद्या आणू का?”

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं दीर आणला, दिराची बायको आणली, आणि शेजारच्या वस्तीवरची एक गरोदर बाई आणली. एकूण तीसेक नमुने झाले. परतल्यावर मी ते मॅडमच्या हाताखाली तपासले. त्यातल्या चार जणांत ब्रुसेला निघाला. गरोदर बाई त्यात नव्हती. मॅडमनी काही नमुने कल्चरलाही लावले होते, म्हणजे बाटल्यांत जंतू वाढतात का ते बघायला. मी दोन-तीनदा त्या बाटल्या बघायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “महिनाभर तिकडे फिरकू नकोस. नोंद वहीत आहे. तारीख आली की बघू.” त्या बाटल्यांतून शेवटी काहीच उगवलं नाही.

मी खोलीवर परतले तेव्हा वाई आलेली होती. ट्रंक खाटेवर उघडी होती आणि ती पुस्तकं भरत होती. मला विचारावं लागलं नाही.

“आईनं ठरवलं,” ती म्हणाली. “बाबा आणि मी दोन दिवस भांडत होतो. आई नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, माझ्या आजारपणाचं कारण पुढे करू नका. मी आजारी आहे, पण मी कुणाला धरून ठेवलेलं नाही. तिला जाऊ दे. बाबा ताटावरून उठले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिकीट काढलं.”

मी तिला पुस्तकं भरायला मदत केली. काय वाटलं, ते खरं सांगायचं तर ती थांबली नाही याचं वाईट वाटलं. आणि त्याबरोबरच, तिच्या चेहऱ्याकडे आता रोज बघायला नको, याचं बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

मिरजेच्या स्टेशनवर तिचे वडील ट्रंक उचलून चालत होते. गाडी सुटल्यावर ते आणि मी फलाटावर उरलो.

“तू सांगितलंस तिला? मी आलो होतो ते?” त्यांनी विचारलं.

“हो, काका. आणि माझा नंबर तिच्यानंतर आहे, हेही तुम्हाला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.”

“ते तिनं सांगितलं घरी,” ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, “तू बरं केलंस की वाईट, ते मला अजून कळत नाही.” मग त्यांनी स्टँडवर मला कॉफी पाजली आणि घरी परतायची एसटी पकडली.

मुदतीला अजून आठवडा उरला होता. दुसरं कुणीतरी जागा सोडील, परदेशी जाईल, एमडी मिळवेल, अशी शक्यता होतीच. जुलैचा मध्य आला आणि गेला. पत्र आलं नाही. तारीख उलटल्यावर निदान ‘नाही’ असं कुणी कळवेल अशी माझी समजूत होती. पण प्रतीक्षायादीतल्या माणसाला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. मी आणखी आठ दिवस वाट बघितली. शेवटी एसटीडी बूथवर जाऊन संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. फोनवरचा माणूस सौजन्यानं बोलला. सगळे हजर झाले आहेत, यादी बंद झाली आहे, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.

त्या आठवड्यात मी रविवारची वाट न बघता कुंडलला गेले. आबा कारखान्यातून येऊन हातपाय धूत होते.

“न्हाई झालं, आबा.”

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. “मग आता?”

“जिल्हा परिषदेची नेमणूक आलीया. जतकडं. आरोग्य केंद्रावर.”

“त्ये मेंढरावाले हायती तिकडं?”

“व्हय.”

“जा मग,” ते म्हणाले. “आन् गावात मी सांगतो काय त्ये. तू कुणाला सांगत बसू नगंस.” त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. मला मात्र कुणी काही विचारलं नाही.

मी जतकडे हजर झाले. वाईची पत्रं यायची. पहिल्या पत्रात होतं की तिला तिथलं काही कळत नाही, रोज रडायला येतं, आणि माझी जागा आपण खाल्ली असं तिला वाटतं. त्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. कामाचा व्याप होता, पण ते कारण नव्हतं. मग एकदा तिनं ब्रुसेलावरच्या लेखांच्या झेरॉक्स प्रतींचं एक जाड पाकीट पाठवलं. सांगलीत असलं काही मिळत नसे. ते वाचायला लागल्यावर उत्तर लिहिणं भाग पडलं, कारण मला त्यातले काही शब्द विचारायचे होते. तिथून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. तिच्याबद्दलचा हेवा गेला असं म्हणणार नाही. तो वर्ष-दीड वर्ष टिकला, आणि मग इतर गोष्टींच्या खाली कुठेतरी गेला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा मुलाखतीला गेले. या वेळी निकाल तीन आठवड्यांतच आला. मी बाह्यरुग्ण विभागात बसले होते. खोलीत खरूज झालेलं एक मूल आणि त्याची आई होती. कंपाउंडरनं टपाल आणून दिलं, मी ते फोडलं आणि वाचलं. निवड नाही, प्रतीक्षायादीतही नाही.

“काय आलंय, मॅडम?” कंपाउंडरनं विचारलं.

“नकार आलाय.”

“मग च्या सांगू का?”

“सांगा,” मी म्हणाले, आणि मुलाच्या बोटांमधली खरूज बघायला घेतली. त्याच्या आईला मलम कसं लावायचं, कपडे कसे उकळायचे ते सांगितलं. बाहेर बरीच माणसं होती. सगळी संपली तेव्हा दोन वाजून गेले होते.

तिसऱ्यांदा मी अर्ज केला नाही. दोन वर्षांनी आमच्याच मॅडमच्या हाताखाली एमडीला प्रवेश घेतला, आणि प्रबंधासाठी त्याच वस्त्या धरल्या. ते काम होईपर्यंत तिकडे असे किती आहेत, याचा थोडाफार अंदाज आम्हाला आला. मॅडमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तेव्हाही देता आलं नाही. प्रबंधाची एक प्रत मी आबांना दिली. त्यांनी ती उघडून आतले तक्ते पाहिले, वस्त्यांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली, आणि विचारलं, “ह्या समद्या ठिकाणी तू चालत गेल्तीस?”

“जीप जाईल तिथपर्यंत जीपनं,” मी म्हणाले. “पुढं चालत.”